डब्ल्यूडब्ल्यूई नेटवर्क, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी कुस्ती कंपनीचं इंटरनेटवर कार्यक्रम दाखवणारं ॲप, एवढं गाजलं, मग बंद का झालं?

प्रेक्षक पळाले म्हणून नाही. ते एका मर्यादेपलीकडे वाढेनात, आणि कंपनीला कार्यक्रम दाखवण्याचे हक्क दुसऱ्याला विकणं जास्त फायद्याचं वाटलं.

२४ फेब्रुवारी २०१४ला अमेरिकेत ते सुरू झालं तेव्हा महिन्याला ९.९९ डॉलर एवढीच किंमत होती. त्याआधी एकेक मोठी स्पर्धा टीव्हीवर पाहायला पन्नास-साठ डॉलर मोजावे लागत. इथे त्या ९.९९ डॉलरमध्येच कंपनीची वर्षातली सगळ्यात मोठी स्पर्धा, रेसलमेनियासुद्धा! शिवाय डब्ल्यूसीडब्ल्यू, ईसीडब्ल्यू या बंद पडलेल्या कुस्ती कंपन्यांचा जुना खजिना. माझ्या मते नेटवर्कचं खरं वैभव होतं एनएक्सटी, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईचाच नवोदितांचा कार्यक्रम. नव्या मल्लांना, विशेषतः महिलांना, लढतीसाठी पुरेसा वेळ तिथेच मिळाला.

दहा लाख वर्गणीदार जानेवारी २०१५मध्ये झाले. पुढे आकडा पंधरा लाखांच्या आसपास घुटमळत राहिला. रेसलमेनियाला लोक येत, नंतर वर्गणी बंद करत. सप्टेंबर २०१९मध्ये एनएक्सटीचा साप्ताहिक कार्यक्रम केबलवर गेला, तेव्हाच नेटवर्कची धार कमी झाली.

जानेवारी २०२१मध्ये पीकॉक या अमेरिकी स्ट्रीमिंग सेवेशी पाच वर्षांचा करार जाहीर झाला. रक्कम एक अब्ज डॉलरहून जास्त असल्याच्या बातम्या होत्या. एवढा हमखास पैसा मिळत असताना स्वतःचं ॲप कोण सांभाळेल? एप्रिलमध्ये अमेरिकेतलं नेटवर्क बंद झालं. आपल्याकडे ते आधी सोनी लिव्हमध्ये सामावलं, आणि एप्रिल २०२५पासून डब्ल्यूडब्ल्यूई नेटफ्लिक्सवर आहे.

कंपनीचं भलं झालं, पण सगळा जुना संग्रह एका जागी मिळण्याची सोय गेली. त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.