दुकानातील फळी पाहून स्टोरेज कंपनीचा शेअर घ्यावा का?

आयोमेगा या अमेरिकी कंपनीच्या छोट्या गुंतवणूकदारांनी दुकानांतील फळ्या तपासून बांधलेला अंदाज बरोबर होता का, आणि आज हार्ड डिस्कच्या कंपनीला तीच पद्धत लावता येईल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते खपाविषयीचा त्यांचा अंदाज अगदी बरोबर होता. शेअर कोणत्या भावाला घ्यावा, याचे उत्तर मात्र फळीवर नव्हते.

युटा राज्यातील रॉय येथील आयोमेगाने १९९५ मध्ये झिप ड्राइव्ह, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या डिस्कवर संगणकातील माहिती साठवणारे उपकरण, बाजारात आणला. ड्राइव्हची किंमत सुमारे २०० डॉलर होती आणि त्यात घालायची १०० एमबीची डिस्क सुमारे २० डॉलरला मिळे. फ्लॉपीत जेमतेम १.४४ एमबी मावत असल्याने मालाला एकदम उठाव आला. ‘मॉटली फूल’ या गुंतवणूकदारांच्या ऑनलाइन मंचावरील चर्चांत भाग घेणारे गुंतवणूकदार आपापल्या गावातील दुकानांत माल शिल्लक आहे की संपला, हे एकमेकांना कळवू लागले, सुट्टीच्या दिवशी कारखान्याबाहेर किती गाड्या उभ्या आहेत, हेही काहींनी जाऊन पाहिले. त्यांना जे दिसले ते खरेच होते. कंपनीची विक्री १९९४ मधील सुमारे १४ कोटी डॉलरवरून १९९६ मध्ये १२० कोटींवर गेली आणि १९९७ मध्ये आणखी वाढली. तरीही शेअरने आपले शिखर मे १९९६ मध्येच गाठले आणि लगेच तो झपाट्याने उतरला, कारण पुढच्या वाढीची किंमत भावात आधीच धरली गेली होती.

मी संगणकाच्या सुट्या भागांच्या घाऊक व्यापारात बरीच वर्षे काढली आहेत, त्यामुळे नुसत्या रिकाम्या फळीवर माझा विश्वास बसत नाही. माल हातोहात खपला म्हणून फळी रिकामी असू शकते, तशीच ती कारखान्याकडून पुरवठा अडल्याने किंवा जुना माल अडकल्यामुळे दुकानदाराने नवा उचलला नाही म्हणूनही असू शकते. मी आधी खोक्यावरील उत्पादनाचा महिना पाहतो. तो पाच-सहा महिने मागचा असेल, तर भरलेली फळी चांगले लक्षण नव्हे. तिमाही संपताना स्कीम देऊन डिस्ट्रिब्यूटरच्या गळ्यात माल मारण्याची रीत या धंद्यात जुनी आहे. त्यामुळे कंपनीच्या वहीत विक्री दिसते, पण गिऱ्हाइकाने अजून एकही नग घेतलेला नसतो. आयोमेगाच्या बाबतीत तर ड्राइव्हपेक्षा डिस्कच्या पाकिटांकडे पाहायला हवे होते, कारण ड्राइव्हवर नफा थोडा आणि डिस्कवर भरपूर होता. ड्राइव्ह नेलेले गिऱ्हाईक पुन्हा डिस्क घ्यायला येते का, हे चार आठवडे त्याच दुकानात गेल्याशिवाय कळत नाही. पुढे कोऱ्या सीडी स्वस्त झाल्या आणि झिपची गरजच आटली. अब्जावधी डॉलर मूल्य गाठलेली ही कंपनी ईएमसी या अमेरिकी डेटा-स्टोरेज कंपनीने २००८ मध्ये सुमारे २१ कोटी डॉलरना घेतली.

दुसरे उदाहरण अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील मिनिस्क्राइब या हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपनीचे. साठ्यातील तूट लपवण्यासाठी या कंपनीने १९८७ मध्ये हार्ड डिस्कच्या जागी चक्क विटा खोक्यांत भरून पाठवल्या. तिचा बराच माल थेट संगणक बनवणाऱ्यांकडे जात असल्यामुळे दुकाने पालथी घालूनही हे कोणाला कळले नसते. आज सीगेट किंवा वेस्टर्न डिजिटलच्या हार्ड डिस्कचा मोठा ग्राहक डेटा सेंटर हाच आहे, म्हणून मुंबईतील लॅमिंग्टन रोडच्या संगणक बाजारात हार्ड डिस्कचा तुटवडा दिसला तरी त्यावरून त्यांच्या तिमाहीचा अंदाज बांधू नये. या कंपन्यांच्या ताळेबंदात मालाचा साठा आणि ग्राहकांकडील येणे विक्रीपेक्षा जास्त वेगाने वाढत आहे का, ते सलग तीन-चार तिमाह्यांत ताडून पाहावे. पोर्टेबल डिस्क आणि मेमरी कार्डांपुरती दुकानाची फेरी अजूनही उपयोगी आहे.