बेस जंपिंगमध्ये पॅराशूटच्या दोऱ्यांना पीळ का पडतो?

कळंगुटला पॅरासेलिंग केलंत, तिथे दोऱ्या सरळ राहिल्या, मग बेस जंपिंगमध्येच, म्हणजे पूल, कडा किंवा इमारतीवरून पॅराशूट घेऊन उडी मारताना, पीळ का, असं तुम्ही विचारलंय. पॅरासेलिंगमध्ये बोट ओढते ते छत, म्हणजे पॅराशूटचं कापड, आधीच फुललेलं असतं. पीळ चढतो तो बहुतेकदा छत उघडतानाच.

आमच्या डिचोलीच्या घरी विहिरीतून भरलेली कळशी ओढताना ती स्वतःभोवती फिरायची. हातातलं टोक स्थिर, खालचं ओझं फिरतंय, म्हणजे दोराला पीळ. पॅराशूटमध्येही तेच होतं: एकतर उडी मारणारा फिरत असतो, नाहीतर छत एका बाजूने आधी फुलून वळतं आणि खालचं जड शरीर तेवढ्या झटपट वळत नाही.

लोक आधी घडीला दोष देतात. घडी दोन्ही बाजूंनी सारखी नसली किंवा दोन ब्रेक (छत वळवायच्या मागच्या दोऱ्या) कमीजास्त लावले, तर छत वळतंच. पण मी आधी खांदे बघायला सांगेन. पायलट शूट, म्हणजे मोठं छत बाहेर ओढणारं छोटं पॅराशूट, फेकायला हात मागे गेला की नजरही मागे जाते आणि त्या बाजूचा खांदा पडतो. मांडीचा एक पट्टा जास्त आवळलेला असला तरी शरीर तिरकं लटकतं. स्कायडायव्हिंगमध्ये, म्हणजे विमानातून उडी मारताना, छत पाठीवरच्या पॅकच्या आत आणखी एका पिशवीत असतं आणि ती पिशवी फिरल्यानेही पीळ पडतो; बेसमध्ये पिशवीच नसते, म्हणून ते कारण इथे गळतं.

अमेरिकेत ट्विन फॉल्सला पेरीन पूल आहे, नदीपासून सुमारे १४८ मीटर उंच. छत उघडलंच नाही तर साडेपाच-सहा सेकंदांत पाणी. तिथे माझा उजवा खांदा पडला आणि मानेमागे दोन पीळ बसले. ब्रेकच्या दोऱ्या पिळात आवळल्यामुळे ओढून काही होईना. दोन्ही राइझर (खांद्यापासून दोऱ्यांपर्यंत जाणारे पट्टे) हातांनी फाकवले, पिळाच्या उलट दिशेला पाय झाडले, तेव्हा सुटलो. समोर कडा असता तर एवढी सवड मिळाली नसती. बेसमध्ये दुसरं पॅराशूट नसतं, आणि छत कड्याकडे तोंड करून उघडलं तर पीळ सोडवेपर्यंत माणूस दगडावर आदळतो.

तेव्हापासून घरी असलो की पडवीच्या वाशाला हार्नेस टांगतो, नजर समोरच्या पोफळीवर ठेवतो आणि हात मागे फेकतो. आई मागे उभी असते. खांदा खाली गेला की ती म्हणते, "परत गेला बघ." मग पुन्हा.