नोकरी गेली हे घरी कसं सांगू?

हा प्रश्न मला बऱ्याचदा मोठ्या पदावरची माणसं विचारतात, आणि तेही एकदम दबक्या आवाजात. असेच एक जण माझ्याकडे समुपदेशनासाठी आले होते, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. वय पन्नाशीला टेकलेलं, हाताखाली मोठी टीम, आणि एक दिवस मीटिंगला बोलावून पाच-दहा मिनिटांत सगळं आटोपलं, आयडी कार्ड जमा, लॅपटॉप जमा. दुसऱ्या दिवशी हे गृहस्थ नेहमीच्या वेळेला इस्त्रीचा शर्ट घालून घराबाहेर पडले. लॅपटॉप नव्हता म्हणून बॅग चपटी दिसायला नको, तर त्यात जुन्या फाइल्स भरायचे! दिवसभर लायब्ररीत नाहीतर गाडीत बसून राहायचं आणि ऑफिस सुटायच्या वेळेला घरी. असे कित्येक आठवडे काढले होते त्यांनी.

मला ऐकता ऐकता 'द कंपनी मेन' आठवला, २०१० चा, जॉन वेल्स यांचा सिनेमा. २००८ नंतरची मंदी, बोस्टनमधली जहाजबांधणीतून मोठी झालेली कंपनी, आणि तिथले एक्झिक्युटिव्ह एकेक करून घरी पाठवले जातात. त्यातला साठीकडे झुकलेला फिल, ख्रिस कूपरने काय केलाय तो, त्याला बायकोने सांगितलेलं असतं की संध्याकाळी सहाच्या आधी घरी यायचं नाही, शेजाऱ्यांना कळता कामा नये. बेन अफ्लेकचा बॉबीही आधी पोर्श आणि गोल्फ क्लब सोडायला तयार नसतो, पण त्याची बायको समोर बसून घरखर्चाचा हिशोब मांडते, हळूहळू गाडी जाते, घर जातं, आणि शेवटी तो मेहुण्याकडे सुतारकामाला उभा राहतो. फिल मात्र स्वतःचा जीव घेतो. बॉबी वयाने तरुण आहे, त्याला दुसरी संधी मिळणं सोपं होतं, हे मान्यच. तरी मला वाटतं खरा फरक घरातल्या बोलण्याचा आहे.

या क्लायंटना मी पहिल्याच भेटीत सरळ विचारलं, आत्महत्येचे विचार येतात का? असं विचारल्याने डोक्यात नसलेलं काही भरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. ते म्हणाले, जगावंसं वाटत नाही असं कधीतरी येतं मनात, पण काही ठरवलेलं नाही. तेवढंही मी हलकं घेत नाही. म्हणून त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायचं आणि घरातल्या एकाला तरी खरं सांगायचं, या दोन गोष्टी आधी पक्क्या केल्या, रेझ्युमे वगैरे नंतर.

कारण पगार थांबतो हे सगळ्यांना दिसतं, बाकीचं जे जातं ते दिसत नाही. १९३० च्या सुमारास ऑस्ट्रियात मारिएन्थाल नावाच्या गावी कापड गिरणी बंद पडली, तेव्हा समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोदा आणि सहकाऱ्यांनी तिथे अभ्यास करून पाहिलं होतं की हातात वेळच वेळ असूनही लोक वाचनालयातून पुस्तकं कमी न्यायला लागले, चालसुद्धा मंदावली. दिवसाला आकार, चार माणसांत ऊठबस, आपण कोणाच्या तरी उपयोगी आहोत ही जाणीव, हे सगळं नोकरीसोबतच जातं. आणि लपवणाऱ्या माणसाची उरलीसुरली ताकद नाटकात संपते, नोकरी शोधायला काही शिल्लकच राहत नाही.

या गृहस्थांनी बायकोला सांगितलं शेवटी. मी भाषण ठरवून दिलं नव्हतं, फक्त एवढंच, की मुलं झोपल्यावर, फोन बाजूला ठेवून, पहिल्याच वाक्यात मुद्दा सांगायचा. "माझी नोकरी गेलीये, बरेच दिवस झाले, तुला सांगायची हिंमत झाली नाही." बायको रडली, मग चिडली, आणि म्हणाली, "तुझा फोन वाजायचाच बंद झाला होता रे, मला वाटलं काहीतरी मोठा आजार लपवतोयस." घरच्यांना कळत असतं हो, फक्त काय ते कळत नाही, मग ते खऱ्यापेक्षा वाईट काहीतरी धरून बसतात. राग तिला नोकरीचा नव्हताच, एवढे दिवस एकटं ठेवल्याचा होता, आणि तो निवळायला दोन-तीन भेटी लागल्या.

पुढच्या भेटीला दोघं आले तेव्हा कागदावर शिल्लक किती महिने पुरेल, कुठले हप्ते थांबवता येतात हे लिहून आणलं होतं, अक्षर बायकोचं. मुलांनाही सांगितलं, थोडक्यात, खोटं न बोलता. नातेवाईक विचारतील त्याला एकच वाक्य ठरवलं, "कंपनीने माझं पद बंद केलं, दुसरं शोधतोय." यात लाज वाटण्यासारखं काही नाही आणि ओळखीतून काम मिळायचं असेल तर आधी लोकांना कळायला तर पाहिजे ना!

आणि ज्यांच्या घरी कोणी अशी बातमी घेऊन येईल त्यांना विनंती, त्या रात्री "आता पुढे काय?" विचारू नका. जेवलास का, एवढं विचारा. हिशोब सकाळी करता येतो.