'इनग्रेन्ड' दोष आणि किरमिजी रंग

'इनग्रेन्ड फॉल्ट्स' म्हणजे नेमके कसले दोष, आणि यातल्या 'ग्रेन'चा लाकडावरच्या रेषांशी काही संबंध आहे का, असा प्रश्न आहे.

अर्थ सरळ आहे: हाडीमाशी खिळलेले, काही केल्या न सुटणारे दोष. व्युत्पत्ती मात्र सुताराकडची नाही, रंगाऱ्याकडची आहे. 'ग्रेन' म्हणजे दाणा, लॅटिन 'ग्रानुम'. भूमध्य समुद्राच्या आसपास ओकच्या एका झुडपी जातीवर केर्मेस नावाचे कीटक पोसतात. त्यांच्या माद्या गोळा करून वाळवल्या की हुबेहूब दाणे वाटत, म्हणून त्यांपासून केलेल्या लाल रंगालाच 'ग्रेन' म्हणू लागले. तुरटी लावलेल्या लोकरीवर हा रंग असा धरे की धुऊन जायचं नाव नको. पुढे कुठलाही पक्का रंग 'इन ग्रेन' झाला आणि तिथून गाडी माणसाच्या स्वभावावर आली.

हा प्रवास शेक्सपिअरमध्ये स्पष्ट दिसतो. 'हॅम्लेट'च्या तिसऱ्या अंकात मुलानं खडसावल्यावर राणी गर्ट्रूड म्हणते, माझ्या आत्म्यावर असे काळे 'ग्रेन्ड' डाग दिसताहेत की त्यांचा रंग सुटायचा नाही. याउलट 'ट्वेल्फ्थ नाइट'मध्ये ऑलिव्हिया चेहऱ्यावरचा पडदा सारते आणि हे रूप देवानंच दिलंय ना, या खोचक शेऱ्यावर उत्तर देते: 'इन ग्रेन' आहे, वाऱ्यापावसात टिकेल! म्हणजे तेव्हा हा शब्द दोषालाच चिकटलेला नव्हता.

गंमत म्हणजे केर्मेस आपल्याही घरात आहे. अरबी 'किर्मिझ'वरून आपला 'किरमिजी' आला, इंग्रजांचा 'क्रिम्झन'ही तिथूनच. मुळाशी फारसी 'किर्म', म्हणजे किडा. संस्कृत 'कृमि'चा सख्खा भाऊ.

मराठीत 'मुरलेला' चालेल, पण त्यात थोडं कौतुक डोकावतं (मुरलेला राजकारणी). दोषासाठी मला 'हाडीमाशी खिळलेला' जास्त पटतो. 'जित्याची खोड' तर आहेच.

वापरताना एक पथ्य: सवय, पूर्वग्रह, दोष 'इनग्रेन्ड' असतात. माणूसच सुधारण्यापलीकडे गेला असेल तर तो 'इनकॉरिजिबल'. हा शब्द लॅटिन 'कॉरिगेरे'वरून, म्हणजे सरळ करणे. 'इनकॉरिजिबल लायर' म्हणता येतं, 'इनग्रेन्ड लायर' सहसा कुणी म्हणत नाही.