घर दाखवणारा एजंट नेमका कोणाच्या बाजूचा?

प्रश्न : आम्ही पती-पत्नी पहिलेच घर घेत आहोत. एका एजंटने आतापर्यंत पाच घरे दाखवली असून आमची ऐपत जास्तीत जास्त किती, हे आम्ही त्याला सांगून बसलो आहोत. माझी फी विकणारा देतो, तुम्हाला काहीच पडणार नाही, असे तो म्हणतो; मात्र आता सहा महिन्यांच्या करारावर सही मागतो आहे. आम्हाला पसंत पडलेले घर त्याच्याच संस्थेकडे विक्रीला आहे, हे काल बाहेरून कळले. सही करावी का?

उत्तर : आहे त्या मसुद्यावर करू नये. करार करण्यात गैर काहीच नाही; उलट तो पहिले घर पाहण्यापूर्वीच व्हायला हवा होता. अमेरिकेत १७ ऑगस्ट २०२४ पासून, घरांच्या सामायिक विक्री-यादीत सहभागी असलेल्या एजंटांना खरेदीदाराशी फीच्या आकड्यासह लेखी करार केल्याशिवाय घर दाखवता येत नाही, आणि ती फी कायद्याने ठरलेली नसून तिच्यावर घासाघीस करता येते, हेही करारात लिहावे लागते. हा दंडक मला अतिशय योग्य वाटतो, कारण नुसते घर दाखवणारा आणि आपले हित सांभाळण्यास बांधलेला, हे दोघे बाहेरून सारखेच दिसतात. खरेदीदाराचा एजंट म्हणून नेमलेल्या माणसाने आपली ऐपत, घाई किंवा अडचण समोरच्याच्या कानावर जाऊ देता कामा नये. अशी नेमणूक झालेली नसताना सांगितलेला आकडा विकणाऱ्यापर्यंत पोहोचला आहे, असे धरूनच आपण पुढचे बोलणे करावे.

फी विकणारा देतो, हे अर्धेच उत्तर आहे, कारण विकणाऱ्याच्या हाती येणारा पैसा आपणच देणार असतो. ती किती आणि विकणाऱ्याने नाकारल्यास आपल्यावर किती बोजा येईल, हे लेखी हवे.

फी टक्केवारीवर असली की एजंट मुद्दाम किंमत चढवतो, अशी भीती पुष्कळांना वाटते. मला खरा धोका वेगळाच दिसतो. फी २ टक्के आहे असे धरा. किंमत ५ टक्क्यांनी उतरली, तर आपला मोठा फायदा होतो आणि त्याचे नुकसान मूळ किमतीच्या ०.१ टक्क्याइतकेच होते. पण व्यवहार फिसकटला, तर त्याची सगळीच फी बुडते. म्हणून त्याचा ओढा व्यवहार लवकर उरकण्याकडे असतो, आणि दुसरे गिऱ्हाईक उद्याच येणार आहे किंवा घराची तपासणी नंतर करता येईल, असली घाई तिथूनच येते. हे घर घेऊ नका, असे जो एकदा तरी सांगतो, त्याच्यावर मी विश्वास ठेवीन. पाचपैकी एका तरी घराविषयी त्याने असे काही सांगितले का, हे आठवून पाहा.

पसंत पडलेल्या घराचा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. एकाच व्यवहारात एकाला कमी किंमत देण्याचा आणि दुसऱ्याला जास्त मागण्याचा सल्ला प्रामाणिकपणे देता येत नाही, म्हणूनच दोन्ही बाजूंचे काम एकाच एजंटाने किंवा संस्थेने करण्याला काही ठिकाणी कायदा मनाई करतो, तर काही ठिकाणी दोघांची लेखी संमती मागतो. हे त्याने आपणहून सांगायला हवे होते. ते आपल्याला बाहेरून कळावे, याचे मला वाईट वाटते. या घरापुरता स्वतंत्र एजंट नेमावा, निदान कागदपत्रे स्वतःच्या वकिलाकडून पाहून घ्यावीत, आणि घराची तपासणी करणारा माणूस आपणच निवडावा.

बाकी घरांसाठी याच माणसाबरोबर पुढे जायचे असेल, तर मुदत सहाऐवजी एक-दोन महिन्यांची मागा आणि लेखी सूचना देऊन करार मोडण्याची मुभा ठेवा. करार संपल्यावरही ‘मी दाखवलेले घर घेतले तर फी लागू’ असे कलम बहुधा असते. ते त्याने खरोखर दाखवलेल्या घरांपुरते आणि ठराविक दिवसांपुरतेच असावे. त्यासाठी आतापर्यंतच्या पाच घरांची तारखांसह यादी त्याच्याकडून आजच लिहून घ्यावी, कारण पुढे फीवरून वाद झालाच, तर तो बहुतेक याच यादीवर येऊन ठेपेल.