भिंतीवरच्या माणसाचे कपडे

प्रश्न : ताई, माझा नातू बेलफास्टला शिकायला गेलाय. त्याने एका भिंतीचा फोटो पाठवला. लांब केसांचा, गोड हसणारा पोरगा रंगवलाय. नातू म्हणतो, हा तुरुंगात उपोषण करून मेला. उपाशी मेलेल्याचं असं हसरं चित्र का? आणि हा क्रांतिकारक की अतिरेकी?
– एक आजोबा, सातारा

उत्तर : आजोबा, तो बॉबी सँड्स. उत्तर आयर्लंड ब्रिटनपासून तोडून आयर्लंडला जोडायचं म्हणून लढणाऱ्या आयआरए या सशस्त्र संघटनेचा माणूस. चित्र फॉल्स रोडवर, त्याच बाजूच्या शिन फेन पक्षाच्या कचेरीच्या बाजूच्या भिंतीवर. मी बेलफास्टला अकरा वर्षं नर्स होते आणि ड्यूटीला जाताना काळ्या टॅक्सीतून रोज त्याच्यासमोरून जायचे. या टॅक्स्या आपल्या शेअर रिक्षांसारख्याच. उतरायचं असलं की नाण्याने काचेवर टकटक करायची. पहिल्या आठवड्यात मला हे ठाऊक नव्हतं, त्यामुळे दोन थांबे पुढे जाऊन पायपीट केली.

तो हसतोय, कारण मूळ फोटो उपोषणाच्या कितीतरी आधीचा आहे. पण आहे तोही तुरुंगातलाच. नातवाला सांगा, चेहरा राहू दे, कपडे बघ. ते त्याचे स्वतःचे आहेत. 1973 साली त्याला पहिली शिक्षा झाली तेव्हा आयआरएसारख्या संघटनांच्या कैद्यांना वेगळा दर्जा होता. घरचे कपडे घालायचे, आपापसात मिसळायचं, तुरुंगाचं काम करायचं नाही. 1 मार्च 1976 पासून ब्रिटिश सरकारने नव्या कैद्यांसाठी हा दर्जा बंद केला. त्याच वर्षी सँड्स सुटला आणि काही महिन्यांत परत पकडला गेला. गाडीत पिस्तूल सापडलं, चौदा वर्षांची शिक्षा झाली. आता अंगावर चोर-दरोडेखोरांचा गणवेश चढवायचा होता. तो नाकारून ही पोरं वर्षानुवर्षं नुसती कांबळी गुंडाळून बसली.

शेवटी दर्जा बंद झाल्याला बरोबर पाच वर्षं झाली तेव्हा, 1 मार्च 1981 ला, राजकीय कैद्याची वागणूक परत मिळावी म्हणून त्याने अन्न सोडलं. फक्त पाणी आणि मीठ. नर्स म्हणून सांगते, अशा उपासात माणूस नुसता वाळत नाही. महिना-सव्वा महिना उलटला की डोळे जागेवर ठरत नाहीत, उलट्या होतात, मग दिसेनासं होतं. 9 एप्रिलला तो तुरुंगातूनच खासदार म्हणून निवडून आला, 30,492 मतं पडली. 5 मेला, सहासष्टाव्या दिवशी, गेला. वय 27. ऑगस्टपर्यंत त्याच्यामागून उपोषणातले आणखी नऊ जण गेले. ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान थॅचरबाई हलल्या नाहीत. आणि गंमत बघा, 3 ऑक्टोबरला उपोषण सुटलं आणि तीन दिवसांत सरकारने घरचे कपडे मंजूर केले!

चित्राशेजारी त्याचं वाक्य आहे, आमच्या मुलांचं हसणं हाच आमचा सूड. बाकी भिंतींवर काटेरी तारेतला चंडोल दिसेल. पिंजऱ्यातल्या चंडोलाची, आजोबांकडून ऐकलेली गोष्ट त्याने तुरुंगात लिहून ठेवली होती, म्हणून. त्याच्या आजोबांकडून हो, तुमच्यासारख्याच.

आता तुमचा दुसरा प्रश्न. आपल्याला जतीन दास आठवतो, तो आठवायलाच हवा. लाहोरच्या तुरुंगात राजकीय कैद्याची वागणूक मिळावी म्हणून 63 दिवस उपाशी राहून 1929 मध्ये गेला. तेव्हा टेरेन्स मॅकस्विनी या 74 दिवसांच्या उपोषणात गेलेल्या आयरिश महापौराच्या घरच्यांनी दुखवट्याची तार पाठवली होती. नातं जुनं आहे. पण म्हणून मी सँड्सला हुतात्मा म्हणून मोकळी होणार नाही. तो आयआरएचा माणूस, आणि भिंतीवरही तसं अभिमानाने लिहिलेलं आहे. आयआरएचे बॉम्ब बाजारात, दारूच्या गुत्त्यांत फुटले, साध्या माणसांचे जीव गेले.

त्याच्या निवडणुकीच्या दोन दिवस आधी डेरी शहरात एक बाई दारोदार जनगणनेचे कागद गोळा करत होती. रिपब्लिकनांचा, म्हणजे आयआरएच्या बाजूच्यांचा, जनगणनेवर बहिष्कार होता. तिला गोळी घालून मारलं. वय 29, घरी लहान मूल. अकरा वर्षांत मी भिंती खूप पाहिल्या, तिचं चित्र मला कुठे दिसलं नाही.

नातवाला सुट्टीच्या दिवशी शँकिल रोडलाही पाठवा. ती ब्रिटनच्या बाजूच्या प्रोटेस्टंटांची वस्ती, दोन वस्त्यांमधल्या उंच भिंतीपलीकडे, चालत जाण्याइतकीच लांब. तिथल्या चित्रांतले वीर वेगळे आहेत. आणि टॅक्सीसाठी खिशात नाणं असू दे म्हणावं.