वाचकांचे प्रश्न : जेसीबी सोडून रुळावरच्या मशीनवर जाऊ का?

प्रश्न : काका नमस्कार. मी भांडुपला राहतो, वय ३६, आयटीआय डिझेल मेकॅनिक. जेसीबी आणि पोकलेनच्या हायड्रॉलिकचं काम करायचो, भाड्याचा छोटा गाळा होता. दोन सबकॉन्ट्रॅक्टरकडे मोठी उधारी अडकली, रोज उद्या देतो परवा देतो, इकडे गाळ्याचं भाडं थकलं आणि शेवटी गाळा सोडावा लागला. राहती खोली आईच्या नावावर आहे म्हणून घरभाडं नाही एवढंच सुख. पर्सनल लोनचा हप्ता ११,४०० आहे, क्रेडिट कार्डवर ८० हजार झालेत आणि महिन्याला २ हजारची भिशी आहे. आता ओळखीतून एक ऑफर आलीय, रुळाखालची खडी दाबायचं जे मोठं मशीन असतं त्याच्या मेंटेनन्सचं कॉन्ट्रॅक्ट एका प्रायव्हेट कंपनीकडे आहे, तिथे मेकॅनिक. हातात २६ हजार म्हणतात. काम बहुतेक रात्रीचं, राहायचं मशीनसोबतच्या डब्यात, पंधरा दिवसांनी घरी. बायको म्हणते असली कसली नोकरी, डब्यात राहायचं म्हणजे काय. सासरे मात्र सगळ्यांना सांगत सुटलेत की जावई रेल्वेत लागला. मला तर काहीच सुचत नाहीये. घेऊ का?

उत्तर : घे. पण उद्या सकाळी बॅग भरून जाऊ नकोस, आधी पुढचं सगळं नीट वाच.

बाकीच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. ते पिवळं लांबलचक मशीन तुम्ही सगळ्यांनी बघितलंय, रविवारच्या मेगाब्लॉकला आपण ज्याच्या नावाने शिव्या घालतो त्यात बऱ्याचदा हेच रुळावर उभं असतं. टॅम्पिंग मशीन. गाड्या जाऊन जाऊन रूळ कुठे खाली बसतो, कुठे बाजूला सरकतो. हे मशीन रूळ स्लीपरसकट, म्हणजे खालच्या आडव्या ठोकळ्यांसकट, उचलून लेव्हलला धरतं आणि स्लीपरच्या दोन्ही बाजूंनी खडीत लोखंडी दांडे घुसवून थरथरवत खडी स्लीपरखाली दाबतं. उचलणं, घुसवणं, दाबणं सगळं हायड्रॉलिकवर, म्हणजे तेलाच्या दाबावर. मुंबईत रविवार सोडला तर दिवसा लोकलमधून फट मिळत नाही, म्हणून शेवटची लोकल गेली की पहिली लोकल यायच्या आत जे काय दोनतीन तास मिळतात त्यात काम. मशीन आज या सेक्शनला तर पुढच्या आठवड्यात भलतीकडेच, त्यामुळे माणसं रोज घरून येऊच शकत नाहीत, सोबत कॅम्प कोच असतो, त्यात झोपायचे बंक, किचन, पाण्याची टाकी, आणि तो कुठल्यातरी साइडिंगला, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभा करून ठेवतात. तेव्हा वहिनींना सांग की डब्यात राहणं म्हणजे रस्त्यावर आलो असं काही नाही, या कामाची रीतच ती आहे. फक्त मे महिन्यात दुपारी त्या डब्यात झोप लागणं कठीण, हे मात्र खरं, आणि रात्रीच्या कामाला खरा त्रास दिवसाच्या झोपेचाच असतो. कंपनीला विचार की कॉन्ट्रॅक्टच्या माणसांना त्याच डब्यात जागा आहे का वेगळी सोय करावी लागते, कारण याच्यावरच सगळ्यात जास्त भांडणं होतात.

तुझं हायड्रॉलिक वाया जाणार नाही. पंप, सिलिंडर, होज, फिल्टर, तेच सगळं. फरक आहे तो सर्व्हो व्हॉल्व्हचा, म्हणजे तेल अगदी मोजून सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा. रूळ मिलीमीटरच्या हिशोबात उचलायचा असतो त्यामुळे हे व्हॉल्व्ह भयंकर नाजूक, तेलात बारीक कचरा गेला तरी अडकतात. साइटवर आपण काय करतो, होज काढला की तोंडात कॉटन वेस्टचा बोळा कोंबतो. इथे ते अजिबात करायचं नाही, त्या बोळ्याचा एखादा धागा आत गेला की रात्री दोन वाजता व्हॉल्व्ह अडकणार आणि तू टॉर्च तोंडात धरून शोधत बसणार. प्लास्टिकच्या कॅप मिळतात, खिशात मूठभर ठेव, होज सुटल्या सुटल्या दोन्ही तोंडं बंद. नवीन बॅरलचं तेल पण फिल्टरमधूनच भरायचं, नवीन आहे म्हणजे स्वच्छ आहे असं नसतं. पहिल्या महिन्यात एवढं जरी सांभाळलंस ना तरी ऑपरेटर तुला शोधत येतील.

आणि गळती हात फिरवून शोधायची सवय असेल तर ती इथे येण्याआधी सोड, खरं तर जेसीबीवरही ती नकोच होती. होजला सुईएवढं भोक असेल आणि आत प्रेशर असेल तर तेल कातडीतून सरळ आत घुसतं. वरून नुसतं टोचल्यासारखं दिसतं, कधी कधी दुखत पण नाही, म्हणून लोक हळद लावून झोपतात आणि नंतर बोट कापायची वेळ येते. पुठ्ठा धरून शोध. चुकून लागलंच तर लगेच मोठं हॉस्पिटल, आणि डॉक्टरला स्पष्ट सांगायचं की प्रेशरचं हायड्रॉलिक तेल आत गेलंय, नाहीतर ते ड्रेसिंग करून घरी पाठवतील.

आता ब्लॉकचं. तुमच्या लाइनवर गाड्या बंद असतात, शेजारच्या लाइनवर बऱ्याचदा चालूच असतात. पाना पडला म्हणून मागे न बघता दोन पावलं सरकलास की तिकडे गाडी. हूटर वाजला, लुकआउटवाल्याने, म्हणजे गाडीवर नजर ठेवणाऱ्याने, हाक मारली की हातातलं टाकून बाजूला व्हायचं, एवढा नट फिरवतो आणि येतो असलं काही नाही. वर ओव्हरहेड वायरमध्ये २५,००० व्होल्ट. तिला हात लावायची पण गरज नसते, जवळ गेलं तरी पुरतं, म्हणून दोन मीटर लांब राहायचा नियम आहे. पॉवर ब्लॉक घेतलाय, म्हणजे वायरचा सप्लाय बंद केलाय, आणि अर्थिंग झालंय हे जबाबदार माणसाने सांगितल्याशिवाय मशीनच्या टपावर चढायचं नाही आणि लांब पाइप उभा धरून चालायचं नाही. कुणी म्हणेल अरे पटकन चढ, सप्लाय बंदच आहे. नाही चढायचं, नोकरी गेली तरी चालेल.

एक दबाव मात्र येणारच. ब्लॉकची वेळ संपत आली आणि दांडे खडीत असतानाच मशीन बंद पडलं तर ते हललंच पाहिजे, नाहीतर ब्लॉक बर्स्ट होतो, म्हणजे ठरलेल्या वेळेबाहेर जातो, आणि सकाळच्या सगळ्या लोकल लेट. तेव्हा दहा जण एकदम तुझ्यावर ओरडत असतात. अशा वेळेसाठी दांड्यांचं युनिट वर घ्यायची इमर्जन्सी सोय मशीनवरच असते, ती कुठे आहे, कशी चालवायची हे पहिल्याच आठवड्यात दिवसाउजेडी ऑपरेटरकडून शिकून घे, स्वतःच्या हाताने दोनदा करून बघ.

आता कागद. सासऱ्यांना हळूच समजाव की ही रेल्वेची नोकरी नाही, रेल्वेच्या कॉन्ट्रॅक्टरची आहे. पास नाही, क्वार्टर नाही, रेल्वेचं हॉस्पिटल नाही आणि टीसीला मी रेल्वेत आहे सांगून काही होणार नाही, लोकलचा पास स्वतःच काढायचा. कॉन्ट्रॅक्ट संपलं किंवा दुसऱ्या कंपनीला गेलं की तुझं काय, हे आजच विचारून घे. अपॉइंटमेंट लेटर हातात आल्याशिवाय पहिली रात्र करू नको. त्यात पगार, सुट्टी, ओव्हरटाइम आणि घरी यायचे दिवस लिहिलेले हवेत, तोंडी पंधरा दिवसांचे हां हां म्हणता पंचवीस होतात. पीएफ कापला की कंपनीनेही तेवढाच भरायचा असतो, दर महिन्याला पासबुक बघ, नुसती सॅलरी स्लिप बघून विश्वास ठेवू नको. ईएसआयची, म्हणजे सरकारी कामगार विम्याची, पगाराची मर्यादा महिना २१,००० आहे, तुझा पगार त्याच्यावर जातोय म्हणजे ते कार्ड तुला बहुतेक मिळणार नाही, मग अपघाताचा ग्रुप विमा आहे का, किती रुपयांचा, पॉलिसीची कॉपी दाखवा, हे सरळ विचार, यात लाजायचं काही नाही. ते नाही म्हणाले तर मी दुसरी ऑफर शोधेन, या कामात विम्याशिवाय जायचं नाही. शिवाय बँकेत जाऊन प्रधानमंत्री सुरक्षा विमा चालू कर, वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख. रक्कम काही फार नाही पण २० रुपयांत अजून काय येतं आजकाल. पगार थकला तर कॉन्ट्रॅक्टरबरोबर ज्यांनी काम दिलंय त्यांच्यावरही जबाबदारी येते, म्हणून हजेरीचा पुरावा स्वतःकडे ठेव, रोजच्या ब्लॉकची तारीख आणि जागा वहीत लिहायची.

पैशांचा हिशोब तू पाठवला नाहीस, मीच करतो. २६ मधून हप्ता आणि भिशी गेली की १२,६०० राहतात. त्यात घर, मुलं असतील तर त्यांची शाळा, तुझी डब्यातली मेस. तंगी राहणारच. पण सगळ्यात महाग आहे ते कार्ड. महिन्याला साडेतीन टक्के धरलं तर ८० हजारवर २,८०० नुसतं व्याज, मिनिमम ड्यू भरत राहिलास तर मुद्दल जागचं हलत नाही. बँकेला फोन करून ते हप्त्यात बदलून घे, कार्ड वापरणं बंद. भिशी उचलायची बाकी असेल तर यावेळी उचल आणि सगळी कार्डात घाल. दागिने गहाण ठेवून कार्ड फेडणं हिशोबात बसतं, गोल्ड लोनचं व्याज कार्डापेक्षा पुष्कळ कमी असतं, पण तो निर्णय वहिनींचा, तू विषय काढून गप्प बस. आणि टूलबॉक्स विकू नको रे बाबा, कितीही अडलं तरी.

त्या उधारीचं राहिलं. कामं करायच्या आधीपासून तुझी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, असेल तर ४५ दिवसांच्या पुढे पैसे अडवणाऱ्याविरुद्ध सूक्ष्म-लघु उद्योगांच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे ऑनलाइन तक्रार करता येते, आणि त्यावर चक्रवाढ व्याज लागतं, तेही रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट. नोंदणी नसेल तर बिलं, चलनं, व्हॉट्सॲपवरचं बोलणं गोळा करून वकिलाची नोटीस. आजवर ते उद्या देतो म्हणतायत कारण तू अजून कागदावर काही मागितलंच नाहीस.

साधारण वर्ष-दीड वर्ष कर. सर्व्हो व्हॉल्व्ह हातात बसले की तुझी किंमत वेगळी होते, काँक्रीट पंपवाले आहेत, न्हावाशेवाला बंदरातली मशिनरी आहे. सुट्टीत जुन्या गिऱ्हाइकांचं एखादं काम घेतलंस तर हरकत नाही, पण रात्रीच्या ब्लॉकवरून उतरलास त्या दिवशी नाही.

प्रश्न : माझा भाचा १९ वर्षांचा, आयटीआय फिटर. रेल्वे वर्कशॉपमध्ये ॲप्रेंटिस करावं की गॅरेजमध्ये लगेच पगार घ्यावा? घरची परिस्थिती बेताची आहे. – एक मावशी, डोंबिवली

उत्तर : मावशी, वय त्याच्या बाजूने आहे तर ॲप्रेंटिस करू दे. जाहिरातीत साधारण १५ ते २४ वयाची अट असते, लेखी परीक्षा नसते, दहावी आणि आयटीआयच्या मार्कांवर मेरिट लागतं. मध्य रेल्वेत माटुंगा आणि परळ वर्कशॉप, कुर्ला-कल्याणची शेड, वाडीबंदर, सगळं डोंबिवलीहून रोज जाण्यायेण्यासारखं आहे. स्टायपेंड तुटपुंजा असतो आणि संपल्यावर नोकरी मिळेलच असं कुणी लिहून देत नाही, पण पुढे रेल्वेच्या लेव्हल १, म्हणजे सगळ्यात खालच्या श्रेणीच्या, भरतीत अशा पूर्ण केलेल्यांसाठी २० टक्के जागा ठेवलेल्या असतात. एक वर्ष घर ढकलता येत असेल तर गॅरेज कुठे पळून जात नाही.

प्रश्न : एक जण रेल्वेत टेक्निशियनची डायरेक्ट जॉइनिंग देतो म्हणतोय, साडेचार लाख. ५० हजार ऑनलाइन दिलेत, मेडिकलचं लेटर पण आलंय. बाकीचे आठवड्यात मागतोय. – नाव नको

उत्तर : एक रुपया देऊ नका. टेक्निशियनची भरती रेल्वे भरती बोर्डाकडून होते, जाहिरात, कॉम्प्युटरवर परीक्षा, कागदपत्रं, मग मेडिकल. परीक्षाच न देता मेडिकलचं लेटर आलंय म्हणजे ते खोटं आहे, शिक्का कितीही गोल असू दे. आजच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, बँकेला कळवा, ट्रान्झॅक्शनचे स्क्रीनशॉट आणि ते लेटर घेऊन पोलीस स्टेशनला जा. त्याला आत्ताच भांडायला फोन करू नका, नंबर बंद करून बसेल.